ठोकळ्यातलं चुंबक सुटतं तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा होता: "दोन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी लाकडी ठोकळ्यांचा बांधकाम संच करतोय. ठोकळे ३ सेंमीचे. काहींना भोकं आणि खुंट्या आहेत, काहींच्या बाजूंवर ८ मिमीची निओडिमियम चुंबकं खाच पाडून चिकटवली आहेत. पुतण्याला खेळायला दिले, तर महिन्याभरात चार चुंबकं निघाली. कोणता गोंद वापरू? आणि खोक्यावर '३ वर्षांखालील मुलांसाठी नाही' असं छापलं की चालेल ना?"

गोंदाचं नंतर बघू. आधी तो संच पुतण्याकडून परत घ्या आणि चुंबकं मोजा. किती बसवली होती, किती ठोकळ्यांत आहेत, किती हातात आहेत. हिशोब जुळला तर ठीक. एक जरी कमी असेल आणि मुलाने गिळल्याची शंका असेल, तर पोट दुखायची वाट बघू नका, सरळ रुग्णालयात जा. एकच चुंबक गिळलं तर ते बहुधा शौचावाटे निघून जातं. दोन गिळली, किंवा एक चुंबक आणि एखादा लोखंडी तुकडा गिळला, तर ती आतड्याच्या दोन वेगळ्या वळणांतून एकमेकांना ओढून धरतात. मधे आतड्याची भिंत चिमटली जाते, तिचा रक्तपुरवठा थांबतो आणि तिथे भोक पडतं. सुरुवातीची लक्षणं साध्या पोट बिघडण्यासारखीच असतात, म्हणून वेळ जातो. २००६ साली अमेरिकेत चुंबकी जोडणीचे सुमारे ३८ लाख बांधकाम संच परत मागवावे लागले. त्याआधी २० महिन्यांचं एक मूल नेमकं असंच, तुकड्यांतून सुटलेली चुंबकं गिळून दगावलं होतं.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारताय की चुंबक निघणार नाही असं काय करू. मी वीसेक वर्षं खेळणी आखते आहे, आणि बांधकामाच्या खेळण्याकडे बघताना माझा प्रश्न वेगळा असतो. गाडी, बाहुली, खुळखुळा ही खेळणी अख्खी राहण्यासाठी बनतात आणि ती तुटली की धोका सुरू होतो. ठोकळ्यांचा संच मात्र पहिल्या दिवसापासून सुटाच असतो. तो मोडण्यासाठीच विकत घेतात. म्हणून 'जोडलेलं असताना मजबूत आहे' याला इथे फारशी किंमत नाही. तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात: एकटा पडलेला तुकडा, दोन तुकड्यांमधला जोड, आणि मोडलेल्या तुकड्यातून जे काही बाहेर पडेल ते. नवे लोक पहिलीवर मेहनत घेतात, दुसरीवर थोडी, आणि तिसरी विसरतात. तुमची चार चुंबकं तिसऱ्या खात्यातली आहेत.

पुढचं सगळं काही गोष्टींवर अवलंबून आहे, ते आधी सांगते. तुम्ही दहा संच हाताने करणार की दहा हजार साच्यातून काढणार, लाकूड वापरणार की प्लास्टिक, आणि सर्वात मोठं म्हणजे वय खरोखर कुठून सुरू करणार. दोन वर्षांचं मूल आणि सहा वर्षांचं मूल हे एकाच संचाचे गिऱ्हाईक असू शकतात, पण मग संच दोन वर्षांच्या मुलाच्या हिशोबानेच करावा लागतो. मधला मार्ग मला आजवर सापडलेला नाही.

मापापासून सुरू करू. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी जगभर एकच साधी नळी वापरतात. आतला व्यास ३१.७ मिमी, तळ तिरका, खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिमी. एखादा तुकडा कसाही ठेवला, न दाबता, आपल्या वजनाने त्या नळीत पूर्ण मावला, तर तो 'लहान भाग' आणि तीन वर्षांखालच्या खेळण्यात तो चालत नाही. अशी नळी स्वतः करवून घ्या आणि कामाच्या मेजावर डोळ्यांसमोर ठेवा. माझी पितळेची आहे, कडा झिजून गोल झाल्यात.

गंमत अशी की तुमचा ३ सेंमीचा घन या नळीत जात नाही. चौरसाचा कर्ण ४२ मिमीच्या वर जातो. सपाट बाजूने घन आत जायला तो २२ मिमीच्या आसपास लागेल. म्हणजे कागदावर तुमचा ठोकळा पास. तरी मी तो दोन वर्षांच्या मुलाला देणार नाही, कारण नळीची परीक्षा ही किमान पायरी आहे. गोल वस्तूंच्या बाबतीत हे आधीच लक्षात आलंय: तीन वर्षांखालच्यांसाठी चेंडूचा व्यास ४४.५ मिमीपेक्षा मोठा लागतो, कारण ३१.७ मधून न जाणारा चेंडूही घशात जाऊन नेमका बूच बसवतो. ठोकळा कोपऱ्यांचा असतो, बाजूने थोडी हवा जाते, पण तुम्ही मऊपणासाठी कोपरे जितके गोल कराल तितका तो चेंडूकडे झुकतो. म्हणून माझा घरचा नियम: तीनच्या खालचं मूल खेळणार असेल तर सगळ्यात लहान तुकड्याचीसुद्धा किमान दोन मापं ४५ मिमी किंवा त्याहून जास्त.

खुंट्यांचं काय? १२ मिमी जाडीची, ६० मिमी लांबीची खुंटी नळीच्या वर डोकावते, म्हणजे तीही पास. पण ती तोंडात धरून मूल पळतं आणि पडतं. गोल डोक्याच्या, मुठीसारख्या खुंट्या तर आणखी वाईट, डोकं घशात शिरून अडकतं आणि मोठ्यांच्या बोटाला ते धरायला जागा उरत नाही. लहानांसाठी खुंटी करायचीच असेल तर ती आखूड आणि जाड करा, किंवा ठोकळ्याचाच भाग म्हणून कोरून काढा, वेगळी ठेवूच नका. खुंटी हवी की नको यावर मी सहसा 'नको' म्हणते.

मोठं केलं की खेळ बाळबोध होतो अशी भीती असते. लेगोने १९६९ साली डुप्लो आणलं तेव्हा प्रत्येक माप दुप्पट केलं, म्हणजे घनफळ आठपट, आणि तरीही मोठा ठोकळा लहानाशी जुळेल अशी सोय ठेवली. लहान मूल मोठ्या ठोकळ्यांनी खेळतं, वाढलं की तेच ठोकळे लहानांच्या खाली पाया म्हणून येतात. वयाचं उत्तर त्यांनी आकारात दिलं. तुमच्या 'दोन ते सहा'ला मला हाच रस्ता दिसतो: दोन संच, एकमेकांशी जुळणारे, पण वेगवेगळ्या खोक्यांत.

आता जोडाकडे येते, आणि इथे थोडी रेंगाळणार आहे, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. काही वर्षांपूर्वी एका संचाचा नमुना घेऊन मी मुलांत बसले होते. जोड छान घट्ट होता, आम्हाला त्याचा अभिमान होता. अडीच वर्षांच्या एका मुलीने दोन तुकडे जोडले, खूश झाली. मग वेगळे करायला गेली. ओढले, निघेनात. पायाखाली धरून ओढले. मग एक तुकडा मुठीत धरला, दुसरा मागच्या दाढांत, मान तिरकी केली आणि झटका दिला. तुकडा निघाला. पुढच्या प्रत्येक वेळी तिने हात लावायच्या आधी दातच लावले. तासाभरात आठ मुलांपैकी पाच जण तेच करत होती आणि तुकड्यांच्या कडांवर दातांचे व्रण दिसत होते.

त्या दिवसापासून जोडाच्या घट्टपणाकडे मी सुरक्षेची गोष्ट म्हणून बघते. जोड घट्ट झाला की तुकडा तोंडात जातो, तोंडात गेला की कड चावली जाते, कड चावली की टवका उडतो, आणि टवका नळीत सहज मावतो. जोड फार ढिला झाला तर मनोरा कोसळतो, मूल चिडतं, तुकडे भिरकावतं. मधली जागा अरुंद आहे. आम्ही ती स्प्रिंगच्या काट्याने मोजतो. लहानांसाठी दोन बोटांच्या चिमटीत धरून निघाला पाहिजे, मूठ वळावी लागता कामा नये. आणि हे नव्या तुकड्यावर मोजून भागत नाही. हजार वेळा जोडून-काढून झाल्यावर पुन्हा मोजा.

लाकडात हा जोड टिकवणं सगळ्यात अवघड. लाकूड हवेतली ओल घेतं आणि फुगतं, तेही सगळीकडे सारखं नाही. लाकडातल्या रेषांच्या, म्हणजे तंतूंच्या लांबीने जवळजवळ काहीच नाही, आडव्या दिशेने बरंच. गोल खुंटी ओल्या हवेत किंचित अंडाकृती होते. कोरड्या दिवसांत सहज निघणारी खुंटी दमट दिवसांत हातोडीशिवाय हलत नाही, आणि मूल हातोडी आणत नाही, दात आणतं. म्हणून लाकडात मी घर्षणावर अवलंबून राहणारे जोड टाळते. उथळ खाच, जिच्यात दुसरा ठोकळा नुसता बसतो आणि उचलला की निघतो, ती ऋतू बदलला तरी बिघडत नाही.

लाकूड कोणतं, तर बीच किंवा मेपलसारखं, बारीक घट्ट पोताचं, ज्याचे लांब कुसळ निघत नाहीत. पाइन स्वस्त आणि हलकं, पण चावलं की दबतं आणि गाठीपाशी तडकतं. रेषांची दिशा बघा: ठोकळ्याला पातळ पाकळी, शिंग, कमान असं काही असेल आणि रेषा तिथे आडव्या जात असतील तर ती पाकळी पडल्याबरोबर मोडणार. कडा रंध्याने मारा, किमान २ मिमी गोलाई द्या, आणि शेवटी ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. पुसल्यावर रोम उभे राहतात, ते बारीक पॉलिशपेपरने पुन्हा काढायचे. ही पायरी वगळली तर पहिल्यांदा लाळ लागली की गुळगुळीत ठोकळा खरखरीत होतो.

वजनाचाही हिशोब करा. बीचची घनता साधारण एका घनसेंमीला ०.७ ग्रॅम. तुमचा ३ सेंमीचा ठोकळा १९ ग्रॅम, माझा ४५ मिमीचा ६४ ग्रॅम, आणि कुणी 'अजून मोठा' म्हणून १० सेंमीचा केला तर ७०० ग्रॅम. तो डोक्याएवढ्या उंचीच्या मनोऱ्यावरून खाली येणार आहे. त्या मापाला ठोकळा पोकळ हवा किंवा फोमचा. मात्र फोमचे मुलं लचके तोडतात, आणि तोडलेला फोम क्ष-किरणांत दिसतही नाही. फोम वापरणार असाल तर त्यावर न चावता येणारं आवरण शिवलेलं हवं.

प्लास्टिकबद्दल थोडक्यात. ठोकळ्यांसाठी एबीएस लोक उगाच वापरत नाहीत: ते चिवट आहे, माप धरून ठेवतं, आणि तुटायच्या आधी पांढरं पडून इशारा देतं. स्फटिकासारखं पारदर्शक पॉलिस्टायरीन दिसायला सुंदर, पण काचेसारखं फुटतं. थ्रीडी प्रिंटने आकार ठरवायला काहीच हरकत नाही, मी रोज वापरते, पण मुलाच्या हातात द्यायला नको. छापलेला तुकडा थरांच्या सांध्यावर तुटतो आणि तुटलेली कड सुरीसारखी असते. थरांमधल्या फटींत लाळ आणि घाण साचते ते वेगळंच. मुलांकडून तपासून घेण्यासाठी नमुना हवा असेल तर लाकडात कोरून घ्या किंवा सिलिकॉनच्या साच्यात ओतून घ्या.

आणि आता तुमचं चुंबक. माझं मत आधीच सांगते: सहा वर्षांखालच्या संचात चुंबक नको. गुरुत्वाकर्षण आणि थोडी खाच एवढ्यावर त्या वयाचा सगळा खेळ होतो. पण तुम्ही ठेवणारच असाल तर दोन गोष्टी समजून घ्या.

पहिली, ते चुंबक किती धोक्याचं आहे हे मोजता येतं. मानकांत याला चुंबकीय प्रवाह निर्देशांक म्हणतात: पृष्ठभागावरची तीव्रता किलोगॉसमध्ये मोजायची, तिचा वर्ग करायचा, ध्रुवाच्या चौरस मिलिमीटर क्षेत्रफळाने गुणायचं. गिळता येण्याजोग्या सुट्या चुंबकासाठी उत्तर ५० च्या खाली लागतं. तुमच्या ८ मिमीच्या चकतीचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौमिमी. तीव्रता ३ किलोगॉस धरली तर वर्ग ९, गुणाकार ४५०. मर्यादेच्या नऊपट. तेवढ्याच आकाराचं काळं फेराइट चुंबक ०.९ किलोगॉस भरलं, तर ०.८१ गुणिले ५०, म्हणजे ४० च्या आसपास. ते मर्यादेत बसलं. पण फेराइट कमजोर म्हणून २० मिमीची चकती घेतलीत तर क्षेत्रफळ ३१४ होतं आणि निर्देशांक पुन्हा अडीचशेवर जातो, आणि ती चकतीही नळीत मावते. 'फेराइट म्हणजे सुरक्षित' असं समीकरण म्हणूनच मांडू नका. प्रत्येक चुंबक मोजा.

दुसरी गोष्ट तुमच्या गोंदाची. तुम्ही खाच बाहेरच्या बाजूने पाडलीत, चुंबक बसवलं आणि वरून उघडं ठेवलंत. मूल दोन ठोकळे वेगळे करतं तेव्हा समोरचं चुंबक तुमच्या चुंबकाला बाहेरच्या दिशेने खेचतं. म्हणजे खेळातली प्रत्येक ओढ थेट गोंदावर येते. त्यात चुंबकावरचा निकेलचा मुलामा गुळगुळीत, झटपट चिकटणारा गोंद झटक्यांना ठिसूळ, आणि भोवतीचं लाकूड ओलीने हलणारं. इपॉक्सीने महिन्याऐवजी वर्ष निघेल, एवढंच. गोंद बदलू नका, दिशा बदला. ठोकळा दोन अर्ध्या भागांत करा. चुंबकाची खाच आतल्या बाजूने पाडा, बाहेरच्या तोंडाकडे अखंड लाकडाची भिंत ठेवा, चुंबक आतून घाला, मागे लाकडी बूच मारा आणि मग दोन्ही अर्धे पूर्ण पृष्ठभागावर चिकटवून टाका. आता ओढ चुंबकाला भिंतीवर दाबते. उद्या चुंबकाखालचा गोंद सुटला तरी ते आत खुळखुळेल, बाहेर येणार नाही. आणि तो खुळखुळ आवाज पालकांना ऐकू येतो, ही वरची मिळकत.

अडचण भिंतीच्या जाडीची. दोन्ही ठोकळ्यांत अडीच मिलिमीटर भिंत ठेवली की चुंबकांत पाच मिलिमीटर अंतर पडतं आणि पकड झपाट्याने कमी होते. मग माणूस भिंत पातळ करत जातो. एका बॅचमध्ये आम्ही ती दीड मिलिमीटरवर आणली. चाचणीत दहापैकी दोन भिंतींना मधोमध टाचणीएवढं छिद्र दिसलं. कारण शोधायला अर्धा दिवस गेला: सपाट तळाचं भोक पाडण्यासाठी वापरलेल्या फॉर्स्टनर बिटच्या मधोमध एक छोटं टोक असतं. तळ दीड मिलिमीटरवर थांबला तरी टोक पुढे गेलेलं होतं. तिथूनच लाकूड तडकलं असतं. तेव्हापासून शेवटचा टप्पा आम्ही राउटरच्या, म्हणजे लाकूड कोरायच्या यंत्राच्या, सपाट बिटने करतो, आणि प्रत्येक बॅचमधला एक ठोकळा करवतीने आडवा कापून भिंत मोजतो.

प्लास्टिकच्या चुंबकी तुकड्यांत तेच तत्त्व लागू: दोन कवचं नुसती चिकटवलेली नकोत, अल्ट्रासॉनिक वेल्डिंगने (ध्वनिकंपनांनी कडा वितळवून) एकजीव केलेली हवीत, शक्यतो कोपऱ्यांत रिव्हेटही. ध्रुव कसाही आला तरी जुळावं म्हणून चुंबक पोकळीत मोकळं फिरू देतात. ते प्रत्येक जोडणीला भिंतीवर ठोका मारतं. हजार ठोक्यांनंतर आतून भिंत कशी दिसते ते कापून बघितल्याशिवाय असा तुकडा बाहेर जाऊ देऊ नका.

दिवे किंवा आवाज घालायचा मोह झाला तर बटण-सेलबद्दल एवढंच: २० मिमीचा लिथियम सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत खोल भाजतं, कारण सेलच्या ऋण टोकाशी तीव्र अल्कली तयार होतं. झाकण हत्याराशिवाय उघडता कामा नये आणि स्क्रू सैल केल्यावरही झाकणालाच अडकून राहायला हवा, नाहीतर तो स्क्रूच एक लहान भाग होतो. लाकडी ठोकळ्यांना दिवे कशाला लागतात, हा माझा खासगी प्रश्न.

बोटांसाठी दोन आकडे लक्षात ठेवा. हलणाऱ्या भागांमधली, बिजागरीजवळची फट एकतर ५ मिमीपेक्षा कमी किंवा १२ मिमीपेक्षा जास्त ठेवा. मधल्या मापात बोट आत जातं आणि चिमटतं. पातळ पत्र्यातल्या गोल भोकांनाही साधारण हीच शिस्त: ६ मिमीचा दांडा जात असेल तर १२ मिमीचाही गेला पाहिजे, नाहीतर बोट आत जाऊन सुजतं आणि बाहेर येत नाही. तुमच्या खुंट्यांची भोकं जाड लाकडात आहेत, तिथे कड धारदार नसते, म्हणून धोका कमी. पण आरपार भोक ठेवा, बंद नको. वाटीच्या आकाराचा तुकडा असेल, घुमट म्हणा, तर त्याला दोन छिद्रं एकमेकांपासून दूर पाडाच. वाटी तोंड-नाकावर बसली की मूल श्वास ओढतं, आणि ओढल्यानेच ती आणखी घट्ट बसते. एकच छिद्र हनुवटीने किंवा तळहाताने झाकलं जाऊ शकतं. पेनाच्या टोपणाला वर भोक असतं, तेही श्वासासाठीच, टोपण घशात गेलं तर थोडी हवा जात राहावी म्हणून.

रंगाचं काम सोपं आहे, फक्त आळस नको. 'खेळण्यांसाठी चालतो' असं सांगून मिळणाऱ्या रंगाची तपासणी-पत्रिका मागा. शिशाची मर्यादा अमेरिकेत रंगासाठी दहा लाखांत ९० भाग आहे, तुकड्याच्या मूळ पदार्थासाठी १००. रंगवायचंच नसेल तर नुसतं तेल-मेण लावा. जवसाचं तेल चोळलेली फडकी मात्र गोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेटू शकतात. हे मुलांपेक्षा तुमच्या कार्यशाळेसाठी.

प्रयोगशाळेत नमुना पाठवण्याआधी मेजावर करता येण्याजोग्या चाचण्या बऱ्याच आहेत. युरोपच्या ईएन ७१ मानकातली मापं मी घरी वापरते: ८५ सेंमीवरून पोलादी प्लेटवर पाच वेळा टाकणं, पकडता येईल अशा प्रत्येक भागाला ०.३४ न्यूटन-मीटरचा पीळ देणं, मग ९० न्यूटनने म्हणजे साधारण नऊ किलोंच्या ओढीने ओढणं, १ किलोचं वजन १० सेंमीवरून त्यावर सोडणं, आणि ११० न्यूटनने दाबून धरणं. लाकडी चुंबकी खेळण्याला याआधी भिजवणंही आहे: चार मिनिटं पाण्यात, दहा मिनिटं बाहेर, असं चार वेळा. तुमचा उघड्या चुंबकाचा ठोकळा बहुधा या भिजवण्यानंतरच्या पहिल्या ओढीत जाईल. प्रत्येक चाचणीनंतर जे काही तुटून पडलं असेल ते उचला आणि नळीत टाका. आंतरराष्ट्रीय आयएसओ ८१२४ किंवा अमेरिकेच्या एएसटीएम एफ९६३ मध्ये आकडे थोडे इकडेतिकडे आहेत, विचार तोच. विकणार असाल तर ज्या देशात विकायचंय तिथलं मानक आणि तिथली मान्य प्रयोगशाळा, याला पर्याय नाही.

मग मुलांत बसा. तुम्ही बोलू नका, शिकवू नका, शेजारी पालक असू द्या. तुकडे पन्नास दिले तर उठताना पन्नास मोजा. मुलं ठोकळ्यांनी घर बांधतील ही तुमची कल्पना असते. प्रत्यक्षात ती त्यावर उभी राहतात, बादलीत भिजवतात, कुत्र्याला देतात, दारात अडकवतात. मानकांच्या भाषेत याला 'अपेक्षित गैरवापर' म्हणतात. माझ्या मते तोच मुख्य वापर.

राहिला छापायचा मजकूर. '३ वर्षांखालील मुलांसाठी नाही' हे वाक्य तुम्हाला वाचवत नाही, मुलालाही नाही. संच कोणत्या वयाचा आहे हे तपासणारे खेळण्याकडे बघून ठरवतात: मोठे रंगीत साधे ठोकळे, प्राण्यांचे चेहरे, खुळखुळ आवाज असेल तर ते खेळणं दीड-दोन वर्षांच्या मुलाचंच मानलं जातं, खोक्यावर काहीही छापा. इशारा अशा संचालाच शोभतो जो खरोखर मोठ्या मुलांचा आहे, बारीक नट-बोल्टचा वगैरे. आणि तिथेही घरात धाकटं भावंड असतं, ते खोका वाचत नाही. मोठ्यांच्या संचाला झाकणाचा, खण असलेला डबा द्या, म्हणजे तुकडा हरवला तर रिकामी जागा दिसेल. आत प्लास्टिकची पिशवी घालणार असाल तर ती मोठी असल्यास किमान ०.०३८ मिमी जाड हवी, पातळ पिशवी चेहऱ्याला चिकटते. सरळ सुती पिशवी वापरा, नाडीशिवाय.

तुमच्या जागी मी असते तर आत्ताचे ठोकळे फोडून चुंबकं काढून घेतली असती, ती मोजून डबीत बंद केली असती, आणि ४५ मिमीच्या बीचमध्ये उथळ खाचांचा, चुंबक नसलेला वीस तुकड्यांचा संच आधी केला असता. तो दोन वर्षांच्या मुलाला द्या. चुंबकाचा संच वेगळा ठेवा, मोठ्या मुलांसाठी, दोन अर्ध्या भागांच्या ठोकळ्यांचा. त्याचा पहिला नमुना झाला की आडवा कापा आणि कापलेल्या बाजूचा फोटो दाखवा, शेजारी मोजपट्टी ठेवून. भिंत कुठे किती उरलीय ते बघून पुढचं सांगते.